अनुभव धागा: नीटला दुसऱ्यांदा बसताना

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी नीटचे, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेनंतरचे, प्रवेशाचे राऊंड संपत आले की मुलं घरी येतात. दारात चपला काढतानाच विचारतात, "मॅडम, परत बसू का?" त्याआधी गावाने त्यांचा सत्कार केलेला असतो. 'नीट पास' म्हणून चौकात फलक लागलेला असतो. मग कळतं, की पात्र ठरणं वेगळं आणि नंबर लागणं वेगळं. खुल्या गटात ५० आणि राखीव गटात ४० पर्सेंटाइलला, म्हणजे परीक्षेला बसलेल्यांपैकी तितके टक्के मुलं मागे टाकली की, मूल पात्र होतं. सरकारी कॉलेजची यादी त्याच्या फार वर थांबते. त्या फलकाखालून रोज दूध आणायला जाणारी मुलगी मी पाहिली आहे, म्हणून हा धागा.

वयाची वरची अट आता नाही, किती वेळा बसायचं यावरही बंधन नाही. त्यामुळे "बसू का" याचं उत्तर नियमात सापडत नाही. ज्यांनी पुन्हा अर्ज केला त्यांनी लिहा, नंबर लागलेल्यांनी आणि न लागलेल्यांनीही. पहिल्या वर्षी नेमकं कुठे अडलं ते जरूर सांगा, कारण बरीच मुलं तेच वर्ष जसंच्या तसं पुन्हा काढायला निघालेली असतात.

आर्णी तालुका, मुलगी

माझे तीन अटेम्प्ट. ७२० पैकी २०२३ ला ४३१, २०२४ ला ५८८, २०२५ ला ५१७. सरकारी कॉलेज मिळालं ते ५१७ ला, ओबीसीतून.

५८८ आले त्या दिवशी बाबांनी पेढे आणले होते. आदल्या वर्षीच्या कटऑफने पाहिलं तर माझं झालंच होतं. पण त्या वर्षी सगळ्यांचेच मार्क वर गेले आणि शेवटच्या राऊंडपर्यंत माझं नाव आलं नाही. २०२५ ला पेपर उलटा निघाला. सेक्शन बी मधले ऐच्छिक प्रश्न काढून टाकले होते, १८० प्रश्नांना १८० मिनिटं, आणि फिजिक्स असं की देशात पहिल्या आलेल्यालाही ६८६ च होते. केंद्राबाहेर येऊन मी खूप रडले. तेव्हापासून सगळ्यांना सांगते, मार्क नका मोजू, रँक पाहा.

दहावीपर्यंत मी मराठी शाळेत. त्वरण म्हणजेच ॲक्सिलरेशन, विस्थापन म्हणजेच डिस्प्लेसमेंट, हे जुळवण्यातच अकरावी गेली. दुसऱ्या वर्षी मी एक चुकांची वही केली. प्रत्येक मॉकनंतर (सराव परीक्षेनंतर) चुकलेला प्रश्न तीनपैकी एका रकान्यात टाकायचा: येतच नव्हता, येत होता पण घाई केली, अंदाजाने ठोकला. तीन महिन्यांनी वही उघडली तर तिसरा रकाना सगळ्यांत लांब. बरोबरला चार आणि चुकीला वजा एक, म्हणून मी बिनधास्त ठोकत होते आणि तिथेच मार्क सांडत होते.

महाज्योतीचा (ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठीची सरकारी संस्था) टॅब मिळाला होता, रोज ६ जीबी डेटाही. घरात रेंज नव्हती. संध्याकाळी घराच्या धाब्यावर, म्हणजे छतावर, चढून लेक्चर उतरवून घ्यायचे आणि रात्री खाली बसून पाहायचे.

धानोरा तालुका, गडचिरोली

मार्कांपायी माझं काही अडलं नव्हतं. अनुसूचित जमातीच्या यादीत नाव होतं, पण कागद तपासायच्या दिवशी जात वैधता प्रमाणपत्र (जातीचा दाखला समितीने पडताळून दिलेलं) नव्हतं. जातीचा दाखला होता, मला वाटलं तोच चालतो. घरात कोणी सांगणारं नव्हतं. जागा गेली.

वैधतेसाठी आमच्या जमातीचा पुरावा ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा असला तर जोर येतो. आजोबा शाळेत गेलेच नाहीत, मग दाखला कुठून आणायचा? शेवटी चुलत आजोबांचा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा मिळाला आणि पणजोबांच्या नावाची कोतवाल बुकातली (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू वहीतली) नोंद. धानकापणीच्या दिवसांत बाबांनी मजुरी बुडवून माझ्यासोबत खेपा घातल्या. त्या वर्षी मी पुस्तकापेक्षा कचेरीच्या बाकावर जास्त बसलो. दुसऱ्यांदा मार्क थोडे कमीच आले, पण कागद पूर्ण होते. आता चंद्रपूरला शिकतो.

अकरावीतच कॉलेजमार्फत वैधतेचा अर्ज टाका. अनुसूचित जातींसाठी तारीख १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७.

राळेगाव तालुका, एक बाप

मी सांगतो, पुतण्या लिहून रायला. चार एकर कोरडवाहू वावर हाय. पोरीचा पह्यल्या साली नंबर नाही लागला त साळा म्हणे, लगन करून टाका. मी म्हटलं, पाऊस दगा देते तवा आपण दुबार पेरतो का नाही? मंग हे बी तसंच समजा. बायकोचं सोनं ठेवलं, पोरीले नागपूरले खोली करून देल्ली.

सालभर मी तिले अभ्यासाचं एक अक्षर इचारलं नाही. फोनवर फक्त, जेवली का? एक दिवस ती म्हणे, "बाबा, तुम्ही मार्काचं काऊन नाही इचारत?" मले बोलताच आलं नाही. फोन तिच्या मायजवळ देल्ला.

दुसऱ्या सालीही एमबीबीएस नाही भेटलं. बीएएमएसले, म्हंजे आयुर्वेदाले, लागली, तिनं खुशीनं घेतलं.

गोंदिया, ग्रामीण रुग्णालयातून

मी तीनदा बसले. तिसरा फॉर्म भरला तो आधीची दोन वर्षं वाया गेली असं कोणी म्हणू नये म्हणून. डॉक्टर व्हायची ओढ तोवर संपली होती आणि हे मला परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यावर समजलं. बी.एस्सी. नर्सिंग केलं. रात्रपाळीत बाळंतपण नीट पार पडलं की मला पूर्ण वाटतं.

धागाकर्ती

सगळ्यांनी इतकं मोकळेपणाने लिहिलंत, वाचताना मध्येच थांबावं लागलं. राळेगावच्या दादांना: २०२४ पासून ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या, ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क सरकार भरतं. केला नसेल तर अर्ज करा. आणि त्याच वर्षी गडचिरोली, भंडारा, वाशीम, बुलढाणा, अमरावती इथे सरकारी कॉलेजं सुरू झाली, हे पर्याय भरणाऱ्यांनी विसरू नका.

धानोऱ्याच्या दादा, उद्या माझ्याकडे एक मुलगी येणार आहे, तिच्याही घरात आजोबांचा दाखला नाही. कोतवाल बुकाची नक्कल कुठून काढली?

धानोरा तालुका, गडचिरोली

तहसीलच्या अभिलेख कक्षातून, मॅडम. आधी वंशावळ लिहून न्या, पणजोबांच्या भावांसकट. आडनाव जुन्या नोंदीत वेगळं लिहिलेलं असू शकते, आमचं होतं. पहिल्या खेपेला "नोंद नाही" म्हटलं तरी पुढच्या-मागच्या वर्षांची पानं पाहायला सांगा. माझी तिथेच सापडली.