ड्रमर काढून कंप्युटर बसवला म्हणून अल्बम वाईट काहून?

दारव्हा_डबलबास
राजेहो, विषय फिअर फॅक्टरीच्या 2012 च्या 'द इंडस्ट्रियलिस्ट'चा हाय. ज्याले माहीत नाही त्याच्यासाठी थोडक्यात सांगतो, लॉस एंजेलिसचा बँड, इंडस्ट्रियल मेटल (कारखान्यातल्या मशीनसारखा कडक, जड रॉक) वाजवतात अन 90 च्या दशकापासून एकच गोष्ट घोटून राह्यले, माणूस विरुद्ध मशीन. 1995 चा 'डिमॅन्युफॅक्चर' घ्या, 1998 चा 'ऑब्सोलीट' घ्या, तेच जग, तीच लढाई. इंडस्ट्रियलिस्टमध्ये मात्र गोष्ट मशीनच्या बाजूनं हाय. एक यंत्रमानव, पाहून पाहून शिकते, आठवणी जमा करते, हळूहळू त्याले भान येते अन मग त्याले संपायचं नसते, जगायचं असते.

आता एवढी भारी कल्पना, पण अल्बम आला तेव्हा अर्ध्या लोकायनं एकच रडगाणं लावलं की ड्रम प्रोग्राम केलेले हायेत. झालं असं की 2010 च्या 'मेकनाइझ'वर जीन हॉग्लनसारखा दांडगा ड्रमर होता, तो गेला, इकडे गाणारा बर्टन बेल अन गिटारवाला डिनो कझारेस दोघंच उरले, गिटार अन बेस दोन्ही डिनोनंच वाजवलं, प्रोड्युसर रीस फुलबर, अन ड्रम कंप्युटरवर. माझं म्हणणं सरळ हाय. मशीनच्या तोंडची गोष्ट हाय तं ड्रमही मशीनचेच पाहिजेत. इतके वर्षं जे गाण्यात म्हटलं ते याच अल्बममध्ये बँडनं सोतावर करून दाखवलं. बोला आता.

वरुडचा_आंबिया
करून दाखवलं नाही भाऊ, सोय पाहिली. ड्रमर नाही भेटला तं माउस फिरवला, अन तुम्ही त्याले कल्पना म्हणून राह्यले. डिमॅन्युफॅक्चर आपल्याले काहून आवडला ते आठवा. रेमंड हेरेरा नावाचा माणूस दोन पायानं डबल बास (पेडलवर वाजणारा मोठा ड्रम, त्याचा ठोका म्हणजे किक) हाणते अन डिनोच्या गिटारचा एक एक फटका त्या किकवर बसते, कुठंच फट नाही. ऐकताना छातीत धडधड होते कारण आपल्याले माहीत असते की हा माणूस हाय, थकू शकते, चुकू शकते, तरी चुकत नाही. तेच काम कंप्युटरनं केलं तं त्यात मर्दुमकी काय? कंप्युटर थकते का बे?

पॅडवाला_हिंगणघाट
आंबिया भाऊ, तुमचं पटते पण अर्धंच. मी लग्नात धुमाल पार्टीत पॅड वाजवतो म्हणून जरा आतलं सांगतो. हेरेराच्या ड्रमचा तो कडक टिकटिक आवाज निव्वळ कातड्याचा नाही, त्यात ट्रिगरचा हात हाय. ड्रमले सेन्सर लावतात, फटका बसला की सिग्नल जाते अन आधी रेकॉर्ड केलेला आवाज वाजते. म्हणजे हळू मारलं काय अन जोरात मारलं काय, आवाज जवळपास सारखाच ठेवता येते. तं 95 मध्येही पाय माणसाचा, आवाज मशीनचा असाच मामला होता. माझ्या पॅडवर तेच चालते, काडी मी मारतो अन आवाज डफड्याचा निघते.

पण प्रोग्रामिंग वेगळं. त्यात मारणाराच नाही. प्रत्येक ठोका रेघेवर बसवून ठेवायचा, जोर किती तेही आकड्यात लिहायचं. चांगला माणूस बसला तं मुद्दाम ठोके थोडे मागंपुढं करते, जोर कमीजास्त करते. इंडस्ट्रियलिस्टमध्ये तसं मले फार कमी वाटलं, विशेषतः सिंबल. एकच झांज एकाच जोरानं पूर्ण गाणंभर.

वरात मांडवाजवळ आली की नवरदेवाचे दोस्त अंगावर येतात, तेव्हा मी ठेका थोडा ओढून धरतो, ते चिडतात, मग सोडतो. हे लॅपटॉपले कोण सांगन?

सोनटक्के_काकांचा_पुतण्या
मी हा अल्बम लावून पाहिला. थ्रेशरमध्ये गोटा गेल्यासारखा आवाज हाय. आमचे बाबा बाहेर येऊन म्हणे मोटर जळाली का काय 😂

दारव्हा_डबलबास
पुतण्या, तू मिरवणुकीतलं संदलच ऐक बाप्पा.

पॅडवाले भाऊ, तुम्ही तं माझाच मुद्दा मांडला. सिंबल एकसारखी, जोर एकसारखा, माणूस कुठंच नाही. जो यंत्रमानव अजून माणूस झालेला नाही त्याची नाडी अशीच लागन ना? अन बर्टन बेलचा तो साफ गळ्यातला सूर त्याच्यावर आला की मंग कळते की जीव कुठून येऊन राह्यला. खाली सगळं निर्जीव असल्यामुळंच वरचा गळा एवढा एकटा वाटते. दुसरं, गॉडफ्लेश पाहा. बर्मिंगहॅमचे दोघं जण, 1989 ला 'स्ट्रीटक्लीनर' काढला, ड्रम मशीनवर. आज तो अल्बम लोक देव्हाऱ्यात ठेवतात. फिअर फॅक्टरीनं केलं की पाप?

तिवसा_एक्सप्रेस
दादा, गॉडफ्लेशचा दाखला इथं लागू नाही. त्यांची मशीन मशीनसारखीच वाजते, जड, बोथट, हळू. ती कोणाची नक्कल करत नाही, बँडमधली तिसरी मेंबरच आहे म्हणा. इंडस्ट्रियलिस्टमध्ये कंप्युटरला हेरेराची, हॉग्लनची नक्कल करायला लावली आहे. खऱ्या ड्रमसेटचेच आवाज, खऱ्या ड्रमरचेच फिल (ठेक्याच्या मधे घेतलेले झटपट ठोके), फक्त ड्रमर नाही. चिडचिड त्याची होते. मशीन दाखवायची तर उघड दाखवा ना, फुलबर स्वतः फ्रंट लाइन असेंब्ली या इलेक्ट्रॉनिक बँडमधला माणूस आहे, निखळ इलेक्ट्रॉनिक ठोका कसा बसवायचा हे त्याच्याइतकं कोणाला येतं?

आणि तुम्ही एक गोष्ट सोयीनं गाळली. 2023 ला याच अल्बमची 'री-इंडस्ट्रियलाइज्ड' नावाची आवृत्ती निघाली, त्यात माइक हेलरनं सगळे ड्रम खरे वाजवले. कंप्युटरचे ड्रम हीच कल्पना होती तर मग बदलले कशाला?

वरुडचा_आंबिया
ताईनं खुट्टाच उपटला 😄

दारव्हा_डबलबास
बँडले पटलं नसन, मले पटलं होतं. अल्बम एकदा बाहेर आला की त्याचा अर्थ लावायले बँडची परवानगी लागत नाही. अन अकरा वर्षं लोक कटकट करून राह्यले तं कोणीही बदलन.

जिनिंग_नाइट_शिफ्ट
तुमचं चालू द्या, पण लोकायच्या कटकटीवर बोलतो. या बँडच्या श्रोत्याले कधीच काही पटत नाही. ऑब्सोलीट आला तेव्हा म्हणे मऊ झाले, नंतरच्या आवृत्तीत गॅरी न्यूमनचं 1979 चं 'कार्स' त्यालेच सोबत घेऊन गायलं तं म्हणे रेडिओसाठी केलं. अन तोच अल्बम अमेरिकेत गोल्ड झाला, म्हणजे 5 लाखाच्या वर. 2001 च्या 'डिजिमॉर्टल'मध्ये रॅपर पाहुणा आला तं शिव्या, पुढच्या वर्षी बँडच फुटला. 2012 मध्ये ड्रमवरून. ड्रम खरे असते तं दुसरं काही काढलं असतं.

अन माणूस-मशीनची गोष्ट खरंच कोण वाचते? ऑब्सोलीटच्या पुस्तिकेत गाण्यायच्या मधे मधे पटकथेसारखी कथा छापली हाय, पळून जाणारा नायक, त्याच्या मागं लागलेली यंत्रं, सगळं. आपण गावातले लोक, आपल्याले सीडी कुठं पाहाले भेटली? मोबाईलवर एक गाणं, मधे ॲड, मंग चौथं गाणं, मंग पहिलं. मी तं कित्येक दिवस समजत होतो की ते सुटे सुटे गाणे हायेत. रात्रीच्या लाइनीवर ओलिताले जातो तेव्हा इयरफोन लावून सलग ऐकलं तेव्हा कुठं धागा लागला.

तिवसा_एक्सप्रेस
हा मुद्दा बरोबर. पण म्हणूनच ड्रम जास्त महत्त्वाचे. कथा हातात नसली की आपल्यापर्यंत फक्त आवाज पोचतो, आणि आवाजच सांगत नसेल की कोण माणूस आणि कोण मशीन, तर गोष्ट उरली कुठं?

सोनटक्के_काकांचा_पुतण्या
आमच्याकडं यंदा सोयाबीन सोंगायले मजूर नाही भेटले, हार्वेस्टरच लावला. कोणी अल्बम नाही काढला त्याच्यावर.

पॅडवाला_हिंगणघाट
पुतण्या बरोबर बोलला बे पहिल्यांदा.

मी आता दोन्ही लागोपाठ ऐकून आलो. हेलरवाल्यात टॉमचा (सेटमधल्या लहानमोठ्या ड्रमचा) फिल जिथं येते तिथं फरक साफ हाय, ठोके एकावर एक चढत जातात, जुन्यात ते एका ओळीत उभे राहतात. मले नवीन आवडलं, पण दारव्हावाले म्हणतात तो एकटेपणा खरंच कमी झाला. हे मान्य करा आंबिया भाऊ.

वरुडचा_आंबिया
काहीच मान्य नाही. एकटेपणा पाहिजे तं ड्रमच नका ठेवू.

दारव्हा_डबलबास
तुम्ही कशावर ऐकता आंबिया भाऊ? मोबाईलच्या स्पीकरवर ऐकत असान तं वादच बंद करू, त्याच्यात किक येतच नाही.

वरुडचा_आंबिया
ट्रॅक्टरच्या टेपवर. दोन वूफर हायेत. या कधी वरुडले, ऐकवतो डिमॅन्युफॅक्चर.