वैकुंठातली गर्दी, चौकातला फ्लेक्स आणि आपलं दुःख

पेठेतली: काश्मीरमध्ये पहलगामला २२ एप्रिल २०२५ ला दहशतवाद्यांनी बैसरनच्या कुरणात २६ माणसं मारली, त्यातली सहा महाराष्ट्रातली आणि दोन आपल्या पुण्याची. वैकुंठ स्मशानभूमीत त्या दोघांचे अंत्यसंस्कार होते तेव्हा मी पण गेले होते. माझ्या पुढचा मुलगा हात उंच करून पूर्ण वेळ व्हिडिओ काढत होता, आणि दोन दिवसांत आमच्या चौकात फ्लेक्स लागला, गेलेल्यांचे फोटो खाली एवढेसे आणि वरती पुढाऱ्यांचे हात जोडलेले चेहरे. मला हे बघवलं नाही. आमच्याकडे मयत झालं की शेजारचे पिठलंभात आणून ठेवतात, नुसते येऊन बसतात, कोणी बोलत नाही. निदान तेरा दिवस तरी त्या घरासमोर घोषणा नि माइक नकोत. बंद पण नको.

कर्वेनगरकर: फ्लेक्सचं पटलं, बाकी नाही. म्हातारं माणूस गेलं तर गप्प बसणं ठीक आहे हो, पण इथे नाव-धर्म विचारून गोळ्या घातल्यात. लोक रस्त्यावर आले नाहीत तर त्या घरातल्यांना वाटेल की आपलं माणूस मेलं त्याचं कुणाला काही नाही. आणि बंद म्हणाल तर २३ तारखेला अख्ख्या काश्मीरने पाळला, मशिदींमधून निषेध झाला, त्यांचा एक घोडेवाला पर्यटकांना वाचवताना मेला होता. तो बंद पण चूक?

पेठेतली: नाही, तो चूक नाही, ते त्यांचंच दुःख होतं. पण इतर राज्यांत शिकायला आलेल्या काश्मिरी पोरांना धमकावलं ते कसलं दुःख? पहलगामला मारल्या गेलेल्या नौदलातल्या त्या अधिकाऱ्याच्या बायकोनं सांगितलं की मुसलमानांच्या, काश्मिरींच्या मागे लागू नका, तर तिलाच ट्रोल केलं. नवरा तिचा गेलाय ना!! तिचं ऐकायचं नाही तर मग मेणबत्त्या कुणासाठी लावल्या?

कर्वेनगरकर: ते लाजिरवाणं होतं, वादच नाही. तरी मी गर्दीच्या बाजूने बोलतोय त्याला कारण आहे. १३ फेब्रुवारी २०१०, शनिवार, आपल्या पुण्यातच जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला, १७ जण गेले. माझा ऑफिसातला मित्र तिथे होता, पाठीत आणि खांद्यात काचा घुसलेल्या. पहिल्या आठवड्यात हॉस्पिटलात भेटायला रांग, आणि पावसाळ्यात ड्रेसिंगला न्यायला माणूस मिळेना. २०१३ मध्ये बेकरी परत सुरू झाली, लोक चहा प्यायला जायला लागले, चांगलंच झालं, पण त्याची विचारपूस केव्हाच थांबली होती. म्हणून म्हणतो, येतात तेव्हा येऊ द्या लोकांना.

पेठेतली: मग पावसाळ्यात कोण न्यायचं त्याला?

कर्वेनगरकर: मी आणि त्याची बहीण, आळीपाळीने. रिक्षात तो पाठ टेकवायचा नाही, पुढचा दांडा धरून बसायचा. गेल्या वर्षी पहलगामची बातमी आली त्या रात्री साडेअकराला त्याचा फोन आला, काही बोलला नाही, मी पण धरून ठेवला.

पेठेतली: दादा, त्याला माझा नमस्कार सांगा.