मदत हवी आहे : इंटरनेट असताना हॅम रेडिओ कशासाठी, याचे प्रामाणिक उत्तर काय द्यावे?

धागाकर्ती : अरण्येश्वरकर

नमस्कार.

मी पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी हौशी रेडिओची (म्हणजेच हॅम रेडिओची : स्वतःच्या संचावरून इतर हौशी परवानाधारकांशी रेडिओलहरींनी संपर्क साधण्याच्या छंदाची) परीक्षा देऊन मी रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा परवाना घेतला. त्यासाठी मोर्स (तारायंत्राची कट्ट-कडकट्ट लिपी) यावे लागत नाही, म्हणूनच ते धाडस केले. व्हीयू३ने सुरू होणारी कॉल साइन (केंद्राचे ओळखचिन्ह) हाती आल्यावर ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी गच्चीवर, पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली यांच्यामध्ये सुमारे २० मीटर लांबीचा तारेचा डायपोल (एक साधा अँटेना) ताणायचे ठरवले आणि परवानगीसाठी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत विषय मांडला.

सभेत निघालेल्या रेडिएशनच्या शंकेचे निरसन मला करता आले, कारण शेजारच्या इमारतीवर मोबाईलचा मनोरा चोवीस तास चालू आहे आणि माझा संच मी बोलेन तेवढाच वेळ प्रक्षेपण करणार आहे. मात्र ‘फायबरचे बिल भरता, मग ही तार कशाला?’ या प्रश्नावर मी सवयीने आपत्तीचे कारण पुढे केले. तेव्हा तळमजल्यावरच्या एका तरुण सभासदाने अगदी शांतपणे विचारले, “काकू, २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री तुमचा संच असता, तर तुम्ही नेमक्या कोणाशी बोलला असता?”

त्या रात्री आंबिल ओढ्याचे पाणी त्याच्या घरात शिरले होते. वीज नव्हती आणि माझा मोबाईलही पहाटेपर्यंत निरुपयोगी झाला होता. त्यामुळे हा प्रश्न खोडसाळ नव्हता, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते. समोर ऐकणारे कोणी नसेल, तर माझा परवाना, बॅटरी आणि तार यांचा त्या रात्री काय उपयोग झाला असता?

मनातले खरे कारण निराळे आहे. जो टेलर हे खगोलशास्त्रज्ञ जोडपल्सारच्या (दुसऱ्या ताऱ्यासोबत फिरणाऱ्या, ठरावीक अंतराने रेडिओस्पंद पाठवणाऱ्या ताऱ्याच्या) शोधासाठी १९९३च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचे मानकरी ठरले. त्याच टेलरांनी स्टीव्ह फ्रँके यांच्यासह २०१७ मध्ये एफटी८ ही संगणकाच्या साहाय्याने छोटे संदेश पाठवण्याची पद्धत हौशी रेडिओसाठी उपलब्ध करून दिली. तिच्यात १५ सेकंदांच्या एकेका फेरीत, कानाला ऐकूही न येणारा क्षीण संकेत संगणक गोंगाटातून वेचून काढतो. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या पाहून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना गोंगाटातून संकेत वेचणे म्हणजे काय, हे एका तारेवर आणि जुन्या लॅपटॉपवर दाखवता येईल. पण ‘मला हौस आहे आणि मुले शिकतील’ एवढे सांगून सामाईक गच्ची मागणे कितपत योग्य आहे? सभा पुन्हा होणार आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ : तारमास्तर

ताई, त्या मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कोणाशीही नाही’ असेच आहे आणि ते सभेत तसेच सांगावे, असे माझे मत आहे. एकट्या केंद्राने आपत्तीत काही साधत नाही. ठरलेल्या वेळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर रोज हजेरी देणारे दहा-पंधरा जण असतील आणि त्यांतला एखादा नियंत्रण कक्षात बसू शकत असेल, तरच निरोप पुढे जातो. ही सवय संकट आल्यावर लावता येत नाही.

म्हणूनच हौस हे कारण सांगताना संकोच नको. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचा एक चमू पोर्ट ब्लेअरला गेला होता, तो मदतकार्यासाठी नव्हे. अंदमानातून हौशी केंद्र चालवण्याची परवानगी फार वर्षांनी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्या दुर्मीळ ठिकाणाशी संपर्क साधायला उत्सुक होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली, तेव्हा संच, अँटेना आणि सराईत हात तिथे आधीच हजर होते. ते तिथे होते याला केवळ हौस कारणीभूत होती.

आता तुमच्या तारेविषयी. व्हीएचएफचा (साधारण सरळ रेषेत जाणाऱ्या उच्च फ्रिक्वेन्सीच्या लहरींचा) हातातला संच सिंहगडावरून उत्तम चालतो, पण सह्याद्रीपलीकडे कोकणात बोलायचे झाले की डोंगर आडवा येतो. ७ मेगाहर्ट्झवर, फार उंच न बांधलेल्या डायपोलची ऊर्जा बरीचशी सरळ वर जाते आणि दिवसा आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावरून) परतून काहीशे किलोमीटरच्या परिघात खाली उतरते. घाट ओलांडायला तिला मधला मनोरा किंवा केबल लागत नाही, आणि संच गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो. इंटरनेट याहून हजारपट वेगवान आहे, यात वाद नाही. मात्र त्याचा प्रत्येक दुवा दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात असतो.

प्रतिसाद २ : नवी पेठ

वरच्या प्रतिसादाशी बहुतांशी सहमत आहे. एक भर घालतो : सभेत ‘खासगी संपर्कयंत्रणा’ असा शब्द चुकूनही वापरू नका. हौशी रेडिओवर व्यावसायिक बोलणे चालत नाही, सांकेतिक भाषेत आशय लपवता येत नाही आणि आपले बोलणे कोणीही ऐकू शकतो. लोकांचा संशय बहुधा इथेच असतो. शक्य झाल्यास समितीतल्या एखाद्याला रविवारी सकाळी शेजारी बसवून हॅम मंडळींचे बोलणे ऐकवा. शिवाय तुमच्या जिन्यातले स्वस्त एलईडी दिवे आणि सौर इन्व्हर्टर ७ मेगाहर्ट्झवर किती खरखर करतात, ते अर्ज करण्याआधी स्वतः एकदा तपासा. माझ्याकडे परवानगी मिळाली, पण गोंगाटामुळे पहिला महिना काहीच ऐकू आले नाही.

अरण्येश्वरकर :

दोघांचेही मनापासून आभार. जिन्यातल्या दिव्यांचा विचार मी केलाच नव्हता. उद्या बॅटरीवर चालणारा रिसीव्हर घेऊन गच्चीवर जाते आणि वॉचमनला दहा मिनिटे जिन्याचे दिवे बंद करायला सांगते. अर्जातून आपत्तीचा परिच्छेद मी काढून टाकला आहे. त्याऐवजी तीन महिन्यांपुरती, तक्रार आल्यास लगेच उतरवता येईल अशी तार लावण्याची परवानगी मागितली आहे. तळमजल्यावरच्या त्या मुलाला ‘कोणाशीही नाही’ हे उत्तर काल जिन्यातच दिले. त्यावर त्याने परीक्षेचा अभ्यासक्रम कुठे मिळतो, असे विचारले. माझ्या नोट्स इंग्रजीत आहेत. मराठीतून कोणी तयार केल्या असतील, तर कृपया इथे कळवावे.