पाच आठवडे उभी राहिलेली गाडी थंडीत सुरू होताना धडधडते

कादवाकाठ :
माझी २०१९ सालची तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आजवर ४१,००० किलोमीटर चालली आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही मुलीकडे बंगळूरला गेलो आणि पाच आठवड्यांनी निफाडला परतलो. तोवर गाडी अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी होती. इथल्या पहाटेविषयी बाहेरच्या वाचकांसाठी एवढेच सांगतो की, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पाच-सहा अंशांची नोंद होणे आमच्याकडे नवलाचे नाही, आणि अशा वेळी मणी तडकू नयेत म्हणून द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात.

परतल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सेल मारला, तेव्हा स्टार्टर अगदी जड फिरला. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन लागले खरे, पण गाडी इतकी हादरत होती की डॅशबोर्डवरचा गणपती थरथरताना दिसत होता. आरपीएमचा काटा ५०० ते ९०० यांदरम्यान खालीवर होत होता, सायलेन्सरमधून काळपट धूर आणि कच्च्या पेट्रोलचा वास येत होता आणि इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकत होता. चारेक मिनिटांत सारे आपोआप सुरळीत झाले, दिवा मात्र स्थिर पेटून राहिला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच घडले, फक्त थोडे कमी. दुपारी उन्हात मात्र कसलीही तक्रार नसते.

गाडी अगदीच बंद पडून होती असेही नाही. पुतण्या दर रविवारी आठवणीने येऊन ती दोन मिनिटे सुरू करीत असे, आणि शेड झाडण्यासाठी त्याने ती दोनदा पुढे-मागेही केली. ओळखीच्या गॅरेजवाल्याने फोनवरच इंजेक्टर (सिलिंडरसाठी पेट्रोल फवारणारा भाग) आणि पेट्रोलचा पंप बदलावा लागेल, असे सांगून टाकले आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल?

शंकासुर :
मला संशय पेट्रोलचा येतो. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पाच आठवड्यांत टाकीच्या तळाशी पाणी साचले असेल, तर सकाळी पहिल्यांदा तेच इंजिनात जाणार. टाकी रिकामी करून ताजे पेट्रोल भरून पाहावे.

दहाचा_पाना :
शंकासुर यांचा तर्क ऐकायला पटतो, पण लक्षणांशी जुळत नाही. इथेनॉल ओलावा ओढते हे खरे. परंतु तो ओलावा पेट्रोलमध्ये विरघळलेलाच राहतो, आणि इथेनॉलचे प्रमाण जितके अधिक तितके जास्त पाणी ते वेगळे न होऊ देता सामावून घेते. झाकण घट्ट असलेल्या टाकीत पाच आठवड्यांत नुसत्या हवेतून इतके पाणी शिरणे अवघड आहे. शिवाय टाकीच्या तळाशी पाणी असते, तर गाडी चार मिनिटांत सुधारली नसती आणि दुपारीही तिने त्रास दिला असता.

कादवाकाठ, आपल्या वर्णनातले दोन शब्द मला महत्त्वाचे वाटतात : ‘जड’ आणि ‘दोन मिनिटे’. आधी बॅटरीचे पाहू. गाडी कुलूपबंद असतानाही घड्याळ, अलार्म आणि संगणक मिळून थोडा करंट खात असतात. तो ३० मिलिअँपिअर धरला, जो अगदी सामान्य आहे, तरी आठवड्याला सुमारे ५ अँपिअर-अवर जातात, म्हणजे पाच आठवड्यांत २५. आपल्या गाडीची बॅटरी बहुधा ३५ची असेल. आता पुतण्याच्या दोन मिनिटांचा हिशेब करा. अल्टरनेटरने त्या वेळात २० अँपिअरने भरणा केला असे उदारपणे मानले, तरी जेमतेम ०.७ अँपिअर-अवर परत येतात, आणि त्यातलेही काही सेल मारण्यात आधीच खर्ची पडलेले असतात. त्याच्या रविवारच्या फेरीने बॅटरीला काहीच मिळाले नाही, असे म्हटले तरी चालेल.

नुकसान मात्र दुसरीकडे झाले. इंजिन थंड असते तेव्हा संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो, कारण थंड भिंतींवर त्यातले बरेचसे वाफ न होता ओलेच राहते. इंजिन तापले की ते जळून जाते. दोन मिनिटांत बंद केले, तर ते प्लगच्या टोकावर काजळीसह बसून राहते आणि सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइलही धुऊन काढते. पुढच्या रविवारी त्यावर नवा थर चढतो. त्यात बॅटरी उतरलेली असल्याने सेल मारताना व्होल्टेज पडते आणि ठिणगीही दुबळी होते. तीनपैकी एका सिलिंडरने पेट घेतला नाही की सगळी गाडी हलते. चार सिलिंडरच्या गाडीत हेच मिसिंग इतके जाणवत नाही.

तेव्हा पुढील क्रमाने पाहावे. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीला सकाळी मीटर लावा. १२.६ व्होल्ट असेल तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२च्या खाली असेल तर ती गाडी सुरू होत होती हेच नशीब. मग कोणाला तरी सेल मारायला सांगून काटा कुठवर पडतो ते बघा, ९.६च्या खाली जाऊ नये. त्यानंतर इंजिन गार असताना कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज पुरवणारे भाग) काढून तिन्ही प्लग बाहेर काढा आणि कोणता कोणत्या सिलिंडरचा, ते लिहून ठेवा. बॉनेट उघडलेच आहे तर उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, तेही पाहून घ्यावे. शेडमधल्या गाडीत त्यांना हिवाळ्यात आयतीच ऊब मिळते.

पेट्रोलचा दाब रात्रीतून उतरतो की काय, हेही फुकटात कळते. चावी ‘ऑन’वर आणून तीन सेकंद थांबा, म्हणजे पंप दाब भरतो, बंद करा, पुन्हा तसेच करा आणि मग सेल मारा. इतक्याने फरक पडला, तरच पंपाचा आणि इंजेक्टरचा विचार करू.

विनिपेगची_थंडी :
आमच्याकडे उणे तीस अंशांत गाडी उभी ठेवावी लागते, म्हणून इंजिनाला विजेचा हीटर बसवलेला असतो आणि पुढच्या जाळीतून त्याची पिन लोंबत असते. पार्किंगमध्ये त्यासाठी सॉकेटही असतात. निफाडच्या सहा अंशांना त्यातले काही नको. ऑइल घट्ट झाल्याने स्टार्टर जड फिरला असेल, अशी शंका कोणी काढील म्हणून सांगतो की, १५डब्ल्यू दर्जाच्या ऑइलचीसुद्धा थंडीतली चाचणी उणे वीस अंशांवर घेतात. दहाचा_पाना यांच्या म्हणण्यात एक भर घालतो. ऑइल भरायचे झाकण उघडून आतून बघा. तिथे दुधाळ, पिवळट मलई दिसली, तर ती बहुधा याच दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्यांत साचलेल्या वाफेची असेल. कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची, पातळी खाली गेलेली नसेल, तर ते ऑइलमध्ये उतरलेले नाही, घाबरू नका. अर्धा-पाऊण तास सलग गाडी चालवली की ती निघून जाते.

कादवाकाठ :
सगळ्यांचा आभारी आहे. बॅटरीने सकाळी ११.९ दाखवले आणि सेल मारताना काटा ८.७पर्यंत पडला. चावीचा प्रयोग केला, त्याने काही फरक पडला नाही. पहिला आणि तिसरा प्लग काजळलेले पण कोरडे होते. दुसरा मात्र काळाकुट्ट आणि ओला निघाला. नाकाशी धरताच पेट्रोलचा वास आला. शेजारच्या मुलाकडे छोटा स्कॅनर होता, त्यावर कोडही पी०३०२ म्हणजे दुसऱ्या सिलिंडरच्या मिसिंगचाच आला. झाकणाखाली मलई सापडली, कूलंट जागच्या जागी आहे.

बॅटरी काढून रात्रभर चार्जरला लावली, तिन्ही प्लग नवे टाकले आणि कोड पुसला. आज सकाळी सात वाजता पहिल्याच सेलला इंजिन लागले, काटा ११००वर जाऊन मिनिटभरात खाली स्थिरावला आणि गणपतीही जागेवर राहिले. बॅटरी मात्र चार वर्षांची आहे. ती निकालात काढावी का? आणि पुन्हा महिनाभर जायचे झाले, तर काय करावे?

दहाचा_पाना :
बॅटरी लगेच टाकू नका. पुरी भरल्यावर निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ती दोन दिवस तशीच ठेवा. गाडीशी संबंध तोडूनही ती १२.४च्या खाली आली, तर बदला; टिकली, तर हा हिवाळा निघेल. महिनाभर जाताना हेच टर्मिनल दहाच्या पान्याने काढून ठेवावे. परत जोडल्यावर घड्याळ लावावे लागेल आणि पहिल्या सुरुवातीला आयडलिंग थोडे वरखाली होईल, कारण काही गाड्यांत संगणक शिकलेले विसरतो. ते काही किलोमीटरमध्ये ठीक होते. गाडी सुरूच करायची असेल, तर पुतण्याला ओझरपर्यंत जाऊन यायला सांगा. नाहीतर त्याने फक्त शेड झाडावी.

दुसऱ्या सिलिंडरवर मात्र नजर असू द्या. पंधरा दिवसांनी तोच प्लग पुन्हा ओला निघाला, तर पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करा. कोड पी०३०१ झाला, तर दोष कॉइलचा. पी०३०२च राहिला, तर आपल्या गॅरेजवाल्याला एका इंजेक्टरपुरते बरोबर म्हणावे लागेल.