टायरची नक्षी चांगली आहे पण आठ वर्षं जुने, समृद्धीवर न्यावेत का?

औंधकर:
नमस्कार मंडळी, २०१७ ची स्विफ्ट आहे, दसऱ्याला घेतलेली. फक्त ३१ हजार किमी झालेत कारण मधली बरीच वर्षं घरूनच काम, गाडी सोसायटीत उन्हात उभी. मे महिन्यात सासरी नागपूरला जायचंय, बायको, दोन मुलं आणि आई सोबत. टायर गाडीबरोबर आले तेच आहेत, नक्षी मस्त खोल आहे, पण पंक्चरवाला म्हणाला साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, बारीक चिरा पडल्यात, बदला. खरंच बदलू का? वीसेक हजारांचा खर्च आहे म्हणून विचारतोय.

शंभरनंबरी:
काही गरज नाही. माझे नऊ वर्षं चाललेत. नायट्रोजन भरा आणि उन्हाळा आहे तर हवा दोन-तीन पॉइंट कमी ठेवा, फुटत नाहीत.

चाकं_चार:
नाही हो, हवा कमी अजिबात ठेवू नका, लहान मुलं आहेत गाडीत! हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, त्यानेच टायर तापतो आणि तापूनच फुटतो. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर हवेच्या दाबाचा स्टिकर असतो, सगळे बसणार आणि सामान असणार तर त्यातला फुल लोडचा आकडा, आणि हवा सकाळी गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना. वाटेत गरम टायरमध्ये जास्त दिसली तरी काढायची नाही. नायट्रोजनने वय कमी होत नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.
आता मुख्य मुद्दा. नक्षी म्हणजे टायर किती झिजला ते, १.६ मिमीच्या खाली गेली की टायर बाद. पण रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं, ऊन आणि हवेने कडक होतं, उलट गाडी चालत राहिली तर रबरातली मेणासारखी द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात आणि चिरा कमी पडतात. काही गाडी कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात. मिशेलिन म्हणते पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासा आणि कसेही दिसले तरी दहाव्या वर्षी काढा. तुमचे आठ वर्षांचे, उन्हातले आणि चिरा पडलेले, मी तरी शंभर-एकशेवीसने नेणार नाही. आधी टायरवरचा डॉट नंबर बघा, शेवटचे चार आकडे, पहिले दोन म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष.

वऱ्हाडी:
भाऊ मनावर घ्या हे. मागच्या मे मधी कारंजाजवळ दुपारी दोनला माझा मागचा डावा फुटला, सात वर्षांचा होता, नक्षी छान होती. आधी पाच मिनिटं खालून फटफट आवाज येत होता, मी रस्त्याचा आवाज समजलो. टायरची वरची नक्षीची पट्टी सुटून मडगार्डला लागत होती. फुटल्यावर ब्रेक नाही मारला, दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं, पाय काढला आणि गाडी आपोआप हळू झाल्यावर कडेला घेतली. मुलगी मागे झोपली होती. त्या दिवसापासून असा आवाज आला की मी लगेच थांबतो.

औंधकर:
बापरे. नंबर बघायला गेलो तर बाहेरून चार आकडे कुठेच दिसेनात.

चाकं_चार:
पूर्ण नंबर एकाच बाजूला असतो, तुमचा आतल्या बाजूला असेल. स्टेअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारा.

औंधकर:
सापडला, २८१७. म्हणजे जुलै २०१७. हात लावला तर दोन नक्षींच्या मधल्या खाचेतही चिरा, नख अडकतंय. चारही टाकतोय. स्टेपनी एकदाही वापरली नाही, ती राहू दे ना?

चाकं_चार:
तीही २०१७ चीच असणार, न वापरता जुनी झाली. जमलं तर पाचही घ्या, नाहीतर ती फक्त दुकानापर्यंत सावकाश जायला. दुकानात बसवायच्या आधी नवीन टायरचेही चार आकडे वाचा, वर्षभर पडलेला माल असेल तर दुसरा मागा. व्हॉल्व्ह नवे टाकायला सांगा, अलाइनमेंट-बॅलन्सिंग करा आणि निघायच्या आधी दोन-तीनशे किमी शहरात चालवून हवा परत तपासा.