नेपाळला दीड महिना मुलांना शिकवायला जायचंय, कुणी गेलंय काय?

खानापूरची_मास्तरीण:
नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत अतिथी शिक्षिका आहे, डीएड झालंय. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मे अखेरपर्यंत आमची शाळा बंद आणि पगारपण नाही, म्हणून वाटतंय ह्या वेळेला नेपाळला जाऊन मुलांना शिकवावं आणि सुट्टीच्या दिवशी थोडं फिरावं. एका एजन्सीनं काठमांडूतल्या अनाथ मुलांच्या वसतिगृहात ठेवतो म्हटलंय, राहणं-जेवण धरून 35 हजार मागतायत. घरात आईचा जीव वरखाली होतोय. जावं काय?

वडगाववाली:
जा की, पण त्या वसतिगृहात नको जाऊस. मी 2019 ला गेलते, असंच पैसे भरून. तिथली निम्मीअधिक पोरं अनाथ नव्हतीच गं, आईबाप डोंगरातल्या गावात जिवंत, शिक्षण मिळेल म्हणून पोरं एजंटच्या हाती दिलेली, आणि आमच्यासारखे पाहुणे येत राहावेत म्हणून त्यांना तिथंच ठेवलेलं. युनिसेफनंसुद्धा नेपाळमधल्या अशा वसतिगृहांत व्हॉलंटिअर म्हणून जाऊ नका असं सांगितलंय. एक सहा वर्षांची पोरगी रोज संध्याकाळी माझ्या बॅगचा पट्टा धरून विचारायची, दिदी, भोलि आउनुहुन्छ? म्हणजे उद्या येणार काय. मी महिन्यानं निघून आले. माझ्या आधी किती जणींना तिनं हेच विचारलं असेल हे मनातून अजून जात नाही.
त्यापेक्षा शाळा बघ, जिथं संध्याकाळी पोरं आपल्या घरी जातात. नंतर मी तसंच केलं, पोखराजवळच्या एका शाळेत तिथल्याच मॅडमच्या हाताखाली तीन आठवडे. तुझी तारीखपण बरोब्बर जुळतीय, त्यांचं शाळेचं वर्ष बैशाखात म्हणजे एप्रिलच्या मध्यापासून सुरू होतं.

टिळकवाडीकर:
ताई, कागदपत्रांचं मी सांगतो. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं, पण आधारवर विमानात बसू देत नाहीत, बेळगावच्या सांब्रा विमानतळावरून दिल्ली गाठायच्या आधीच हे बघून ठेवा. स्वस्तात जायचं तर रेल्वेनं गोरखपूर आणि पुढं सुनौलीची सीमा चालत पार करता येते. आपल्या 100 रुपयांना त्यांचे 160 मिळतात. आणि जी शाळा तुमच्याकडनं पोलीस व्हेरिफिकेशन मागत नाही तिथं जाऊ नका, मुलांच्यात कुणालाही घुसू देतात असा त्याचा अर्थ.

खानापूरची_मास्तरीण:
बाप रे, हे काहीच माहीत नव्हतं, एजन्सीला आजच नाही म्हणून कळवते. वडगाववाली ताई, भाषेचं कसं केलंत? आणि फिरायला वेळ मिळाला काय?

वडगाववाली:
भाषेची काळजी करू नकोस, लिपी देवनागरीच आहे, पहिल्या दिवशी फळ्यावर "शनिबार बिदा" वाचून मला कळलं की तेव्हा तिथं सुट्टी शनिवारी असायची, रविवारी शाळा! आणि तू तर आपल्या भागातली आहेस, घरात मराठी आणि बाजारात कानडी बोलणारी पोरं रोज सांभाळतेस, पोराला भाषा येत नसली की ते गप्प का बसतं हे तुला शिकवायला नको.
फिरायचं म्हणशील तर आमची शाळा शुक्रवारी लवकर सुटायची, तेव्हा बंदीपूरला जाऊन एक रात्र राहिले, डोंगरावरचं नेवार लोकांचं जुनं गाव, दगडी गल्ली. पोखऱ्यात फेवा तलावात होडीनं ताल बाराहीच्या देवळात जा. सारंगकोटला पहाटे अंधारातच चढायचं, एप्रिल-मेमध्ये नंतर धुरकट होतं आणि माछापुच्छ्रे शिखर दिसतच नाही. काठमांडू-पोखरा 200 किलोमीटरच आहे पण बसला अख्खा दिवस जातो, एका सुट्टीत दोन्ही करायला जाऊ नकोस, दुसऱ्या दिवशी शाळेत अंगाला थकवा चिकटतो आणि त्रास पोरांना होतो.
एक कर मात्र. पहिल्याच दिवशी पोरांना सांग मी अमुक तारखेला जाणार. मी फळ्याच्या कोपऱ्यात उरलेले दिवस लिहायची, सकाळी जो आधी येईल तो आकडा बदलायचा. शेवटच्या दिवशी रडारड झाली, पण भोलि येणार काय असं कुणी विचारलं नाही.

टिळकवाडीकर:
कर्नाटक सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवर पोलीस व्हेरिफिकेशनचा अर्ज ह्याच आठवड्यात टाका ताई, स्टेशनमधनं फोन येईपर्यंत दिवस जातात.