मित्रासाठी पहिलं धनुष्य कुठलं घ्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, माझा ऐरोलीचा मित्र तिरंदाजी शिकायला लागलाय, आता स्वतःचं धनुष्य घ्यायचंय. २०२३ ला साताऱ्याची अदिती स्वामी वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हापासून त्याच्या डोक्यात कंपाउंडच (टोकांना कप्प्या असलेलं धनुष्य) बसलंय, पण मला वाटतं आधी लाकडी टेकडाउन रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, भाग सुटे करता येणारं साधं धनुष्य) घ्यावं, ओढायला २०-२४ पौंड जोर लागेल असं, नंतर ताकद वाढली की फक्त लिंब्स (वरची-खालची वाकणारी पाती) बदलायचे. दुकानदार थेट ४० पौंडाचं गळ्यात मारतोय, खांदा दुखावला तर?? शिकार वगैरे नाही हां, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला बंदी आहे, फक्त टार्गेट. मित्राचं दोन्ही हात पसरून माप १७५ सेंमी आलं, भागिले २.५ म्हणजे ७० सेंमी, साधारण साडेसत्तावीस इंच ड्रॉ लेंग्थ (दोरी किती मागे ओढली जाते ते अंतर), तर ६८ इंची धनुष्य बरोबर ना? ठाणे-नवी मुंबईत हातात धरून बघता येईल असं दुकान किंवा क्लब कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.